घरचा वेब सर्व्हर: पान हळू उघडतंय किंवा अर्धंच येतंय, तर शोध कुठून सुरू करायचा

अमळनेरकडच्या आमच्या घरात माळ्यावर एक छोटा सर्व्हर चालतो, रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर), त्यावर लिनक्स, एनजिनएक्स (पानं पाठवणारा प्रोग्राम) आणि पीएचपी (पान तयार करणारी भाषा). त्यावर जी साइट आहे तिच्यात आजीकडून जमवलेले अहिराणी शब्द आहेत, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) आणि कानबाई देवीची गाणी आहेत आजीच्याच आवाजात, आणि गावातले जुने फोटो. बघणारी माणसं म्हणजे आपलेच लोक, धुळे, नंदुरबार, चाळीसगाव, आणि सगळ्यात जास्त सुरतचे, कारण आमच्याकडची अर्धी भाऊबंदकी तिकडेच आहे. पहिल्या वर्षी या साइटने मला फार रडवलं. घरात बघितलं की सगळं झकास आणि सुरतहून मामांचा फोन, "भाऊ, तुन्हं पान अर्धंच दिसस." मी काहीतरी बदलायचो, दोन दिवस बरं वाटायचं, परत तेच. नंतर एकेक कारण सापडत गेलं आणि कळलं की कारणं चार-पाच वेगवेगळी होती आणि बाहेरून सगळी सारखीच दिसत होती. म्हणून हे क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमचे ते महिने वाचतील.

हाताशी काय ठेवायचं

- वही आणि पेन. खरंच. कधी काय बदललं ते तारीख-वेळेसकट लिहायचं.
- एक फोन ज्यात मोबाईल डेटा आहे, शक्यतो तुमच्या घरच्या इंटरनेटपेक्षा वेगळ्या कंपनीचा.
- ब्राउझर असलेला एक लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर.
- राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड. बऱ्याच घरात तो लाईन जोडणाऱ्या माणसालाच माहीत असतो, तो आधी मागून घ्या.
- सर्व्हरवर टर्मिनलने जाता येईल अशी सोय, आणि सुडो, म्हणजे मुख्य चालकाचे, अधिकार.
- एक जादाची, चांगली नेटवर्क केबल.
- बाहेरगावचा एक शांत माणूस, जो फोनवर "आता उघड, आता काय दिसतंय" असं चार वेळा विचारलं तरी कंटाळणार नाही.
- इंटरनेट कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि प्लॅनचा कागद, ज्यावर अपलोड स्पीड लिहिलेलं असेल.

१. आधी लक्षण नीट लिहा, कशालाही हात लावू नका

"साइट स्लो आहे" एवढ्याने काहीच कळत नाही. हे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा: सुरुवातीला बराच वेळ पांढरं राहतं आणि मग एकदम येतं, की लगेच सुरू होऊन हळूहळू भरतं? अर्धं येऊन थांबतं तर दर वेळी त्याच जागी थांबतं की कधी इथे कधी तिथे? सगळ्या पानांना होतं की फक्त मोठ्या? घरात होतं का, बाहेर होतं का, की बाहेर पण काहीच लोकांना? दिवसभर की संध्याकाळीच?

यातला "त्याच जागी थांबतं का" हा प्रश्न सोन्यासारखा आहे. त्याच जागी थांबत असेल तर बहुतेक वेळा गडबड सर्व्हरच्या सेटिंगमध्ये किंवा पानाच्या कोडमध्ये असते. कुठेही, कधीही थांबत असेल तर लाईन, केबल, वायफाय किंवा गरम झालेलं मशीन.

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे, एका वेळी तीन गोष्टी बदलणं. राउटर रिस्टार्ट केला, सेटिंग पण बदललं आणि केबल पण बदलली, मग ठीक झालं, तर कशामुळे ठीक झालं हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. एक बदल, एक तपासणी, एक नोंद.

२. जवळून लांब जा: मशीन, घर, बाहेर

पहिलं, सर्व्हरच्या टर्मिनलवरूनच स्वतःचं पान मागवा, कर्ल कमांडने, लोकलहोस्टचा, म्हणजे त्याच मशीनचा, पत्ता देऊन. इथेच पाच सेकंद लागत असतील तर इंटरनेटचा काहीही संबंध नाही, सरळ चौथ्या पायरीवर जा.

दुसरं, घरातल्या लॅपटॉपवरून सर्व्हरचा घरातला पत्ता टाकून बघा, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा असतो तो.

तिसरं, फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर साइटच्या नावाने उघडा.

इथे दोन सापळे आहेत. एक म्हणजे घरातल्या वायफायवरून साइटचं नाव टाकून तपासणं. बरेच घरगुती राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारी वाट नीट देत नाहीत, मग कधी राउटरचंच लॉगिन पान उघडतं, कधी नुसतं फिरत राहतं, आणि आपल्याला वाटतं सर्व्हर बंद पडला, बाहेर मात्र लोक मस्त बघत असतात. दुसरा म्हणजे राउटरमध्ये दिसणारा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, किंवा "माझा आयपी काय" सांगणाऱ्या साइटवरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर कंपनीने तुमच्यासारख्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. याला सीजीनॅट म्हणतात. यात पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने सर्व्हरकडे वळवणं) कितीही करा, आयपीव्ही४ म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरून बाहेरचा माणूस तुमच्या घरापर्यंत पोचणारच नाही. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागायचा, नाहीतर टनेल सेवा (दुसऱ्याच्या सर्व्हरमधून वाट देणारी) वापरायची, नाहीतर आयपीव्ही६ म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यावर जायचं.

३. ब्राउझरला विचारा वेळ कुठे जातोय

कॉम्प्युटरवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडून एफ १२ दाबा, नेटवर्क नावाचा टॅब घ्या, कॅशे (ब्राउझरने आधी साठवलेल्या फायली) बंद करायच्या खुणेवर टिक करा आणि पान परत लोड करा. प्रत्येक फाईलसमोर एक पट्टी दिसते, तिच्यावर क्लिक केलं की वेळेची फोड मिळते. बाहेरचा अनुभव बघायचा असेल तर लॅपटॉपला मोबाईलचं हॉटस्पॉट द्या.

डीएनएसला वेळ जात असेल तर नावाचा पत्ता शोधण्यात अडकलंय. कनेक्शनला किंवा एसएसएलला (सुरक्षित जोडणीला) जात असेल तर वाटेत, म्हणजे राउटर, फायरवॉल, एमटीयू (सातवी पायरी बघा). "वेटिंग" मोठं असेल तर सर्व्हर विचार करत बसलाय, म्हणजे पीएचपी, डेटाबेस, कार्ड, मेमरी. "कंटेंट डाउनलोड" मोठं असेल तर फाईल जड आहे किंवा अपलोड कमी आहे. आणि एखादी फाईल लाल दिसत असेल तर तिच्यासमोरचा कोड वाचा, ४०४ (फाईल सापडली नाही), ५०२, ५०४ (मागच्या पीएचपीकडून नीट उत्तर आलं नाही) किंवा कंटेंट लेन्थ जुळत नाही असं काही, ते जसंच्या तसं वहीत लिहा.

४. मशीनची तब्येत

आपल्याकडे याला बाकीच्यांपेक्षा जास्त महत्त्व आहे. जळगाव, भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. रास्पबेरी पाय ४ चा चिप ८० डिग्रीला पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन बंद पडत नाही, एरर येत नाही, नुसतं रांगायला लागतं.

आमचं झालं ते असं. आखाजीचा दिवस, ऐन एप्रिल-मे, माहेरी आलेल्या लेकीबाळी झोके खेळत गाणी म्हणतात, आणि त्याच दिवशी सगळ्यांना साइटवरची झोक्याची गाणी हवी असतात. म्हणजे वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी आणि वर्षातली सगळ्यात जास्त गरमी एकाच दुपारी. दोन वाजता पान उघडायला चाळीस सेकंद लागत होते. मी माळ्यावर चढलो, डबीला हात लावला तर चटका बसला. खाली आणून हॉलमध्ये कूलरच्या वाऱ्याच्या बाजूला ठेवली, थेट ओल्या झोतात नाही, आणि पाच मिनिटांत पान दोन सेकंदावर आलं. आता उन्हाळ्यात ती खालीच असते, पंखा लावलेल्या जाळीच्या केसमध्ये.

तपासायला व्हीसीजेनसीएमडी नावाची कमांड आहे, तिला "मेझर टेम्प" विचारलं की तापमान सांगते आणि "गेट थ्रॉटल्ड" विचारलं की मशीन सुरू झाल्यापासून वेग कमी झाला होता का, वीज कमी पडली होती का ते सांगते. उत्तर शून्य-एक्स-शून्य आलं तर सगळं ठीक. दुसरं काहीही आलं तर तापमान आणि चार्जर दोन्ही बघा. मोबाईलचा कुठलाही चार्जर लावू नका, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपियरचा हवा, आणि वायर पातळ असली तरी व्होल्टेज पडतं. जुना डेस्कटॉप वापरत असाल तर कॅबिनेट उघडून पंख्यावरची धूळ झटका, आपल्याकडची काळी माती फार बारीक बसते आत.

मग मेमरी. फ्री कमांडने बघा, स्वॅप (मेमरी कमी पडली की कार्डावर वापरायची जागा) भरलेला असेल तर मशीन कार्डावर लिही-वाच करत बसलंय, ते हळू होणारच. टॉप कमांडमध्ये वरच्या ओळीत "डब्ल्यूए" नावाचा आकडा असतो, तो सतत वीस-तीसच्या वर असेल तर प्रोसेसर रिकामा आहे पण डिस्कची वाट बघतोय. मेमरी कार्ड मरायला आलं की हेच होतं, आणि डीमेसेज कमांडमध्ये आयओ एरर दिसायला लागतात. दिसल्या की त्याच दिवशी बॅकअप घ्या, उद्यावर ढकलू नका. आजीच्या रेकॉर्डिंगसारखी गोष्ट परत मिळत नाही. मी आता यूएसबीवर एसएसडी लावलाय आणि एक प्रत बहिणीच्या घरी असते.

डिस्क भरली का ते डीएफ हायफन एच ने. आणि डीएफ हायफन आय पण करा, कधी जागा असते पण फायलींची संख्या संपलेली असते.

वीज गेली की मशीन धाडकन बंद होतं आणि फाईल सिस्टिम बिघडू शकते, म्हणून राउटर आणि सर्व्हर दोघांनाही यूपीएस हवा. फक्त सर्व्हरला देऊन उपयोग नाही, राउटर बंद तर साइट बंद.

एक अजून. पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर एका वेळी किती कामगार चालतील याची मर्यादा असते, डेबियन-उबुंटूवर ती मुळात ५ असते. सहावा माणूस रांगेत उभा राहतो. लॉगमध्ये "मॅक्स चिल्ड्रन" गाठल्याची सूचना येते. ती वाढवायची पण मेमरी बघून, एकेक कामगार ३०-५० एमबी सहज खातो, एक जीबीच्या मशीनवर ५० केलं तर स्वॅपमध्ये जाऊन आणखी हळू होईल. माझं मत विचाराल तर रोज न बदलणारी पानं साधी एचटीएमएल करून ठेवा. गाण्यांची पानं मी तशीच केलीत, त्यांना पीएचपी लागतच नाही आणि छोटं मशीनसुद्धा भराभर देतं.

५. केबल आणि वायफाय

सर्व्हर वायफायवर असेल तर आधी केबलवर आणा, बाकी सगळं नंतर. केबलवर असेल तर ईथटूलने स्पीड बघा. १००० असायला हवं तिथे १०० दिसलं तर चारपैकी एखादी तारेची जोडी तुटलीय, उंदीर, दाराची फट, खिळा, काहीही. आयपी हायफन एस लिंक मध्ये एररचे आकडे वाढत असतील तर केबल बदला. वेळ घालवू नका, नवीन केबल लावून बघणं सगळ्यात स्वस्त.

६. अपलोड आणि पानाचं वजन

स्पीड टेस्टमध्ये लोक मोठा आकडा बघतात, तो डाउनलोडचा असतो. तुमचा सर्व्हर लोकांना देतोय, म्हणजे तुमचं अपलोड हीच त्याची वाट. आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, त्याला ८ ने भागायचं. १० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी.

आता हिशोब करा. फोनमधला फोटो ४ एमबीचा, पानावर २० फोटो, झाले ८० एमबी, म्हणजे एकाच माणसाला ६४ सेकंद, आणि दोन माणसं एकदम आली तर दुप्पट. तेच फोटो १६०० पिक्सेल रुंद करून साधारण ३०० केबीचे केले तर सगळे मिळून ६ एमबी, पाच सेकंदांत काम. फोनवर बघणाऱ्याला फरक कळतही नाही. शिवाय खालचे फोटो माणूस खाली सरकला की मगच यावेत म्हणून इमेजच्या टॅगमध्ये लोडिंग लेझी लिहा.

गाण्यांचंही तेच. डब्ल्यूएव्ही फाईल मिनिटाला सुमारे १० एमबी खाते. तीन मिनिटांचं गाणं ३० एमबी. आजीचा एकटीचा आवाज ६४ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये अगदी स्वच्छ ऐकू येतो आणि तेच गाणं दीड एमबीच्या आत बसतं. मूळ फाईल मात्र जपून ठेवा, ती फेकू नका. आणि ऑडिओ टॅगमध्ये प्रीलोड नन लिहा, नाहीतर काही ब्राउझर पान उघडताच सगळी गाणी ओढायला लागतात.

मराठी-अहिराणी मजकूर असणाऱ्यांनी जीझिप (मजकूर दाबून लहान करून पाठवणं) नक्की सुरू करावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा पण वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे आपली पानं इंग्रजीपेक्षा जड असतात, पण तेच तेच बाइट परत येत असल्यामुळे दाबली जातात पण छान. एनजिनएक्समध्ये जीझिप ऑन असलं तरी ते मुळात फक्त एचटीएमएलला लागू होतं, सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे प्रकार जीझिप टाइप्समध्ये वेगळे लिहावे लागतात. हे बऱ्याच जणांचं राहून जातं.

फक्त संध्याकाळीच हळू होतं असं वहीत दिसलं तर घरातले फोन बघा. सगळे घरी येतात, वायफाय लागतं, फोटोंचा बॅकअप सुरू होतो आणि अपलोड तुंबतं. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (लाईनची वाटणी सांभाळणारी सोय) असेल तर चालू करून सर्व्हरला प्राधान्य द्या, नसेल तर बॅकअप रात्री उशिराचा लावा.

७. छोटं पान उघडतं, मोठं पांढरंच राहतं: एमटीयू

सुरतच्या मामांचा पहिला त्रास हाच होता आणि मला शोधायला दीड महिना लागला, म्हणून जरा सविस्तर.

तेव्हा आमची साइट साध्या एचटीटीपीवर होती. पहिलं पान एक केबीच्या आसपास, ते मामांच्या दुकानातल्या ब्रॉडबँडवर पटकन यायचं, पण फोटो नाहीत, आणि शब्दांचं पान उघडलं की नुसतं पांढरं, गोल फिरतंय. त्याच मामांच्या मोबाईल डेटावर सगळं यायचं. मग मी एचटीटीपीएस केलं तर दुकानात पहिलं पानसुद्धा यायचं बंद झालं.

कारण असं. नेटवर्कवर माहिती पाकिटांमधून जाते, इथरनेटवर पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटचं, या कमाल मापालाच एमटीयू म्हणतात. पण तुमचं कनेक्शन युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं पीपीपीओई प्रकारचं असेल तर प्रत्येक पाकिटात ८ बाइट त्याचेच जातात, उरतात १४९२. सर्व्हरला हे माहीत नसतं, तो १५०० चं पाकीट पाठवतो, राउटर म्हणतो मावत नाही, आणि आयसीएमपी नावाचा निरोप परत पाठवतो की लहान कर. तो निरोप सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही तर सर्व्हर तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. छोटी पाकिटं जातात म्हणून कनेक्शन जुळतं, छोटं पान जातं, मोठं अडकतं. एचटीटीपीएसमध्ये सर्टिफिकेटच काही केबींचं असतं म्हणून ते सुरुवातीलाच अडकतं. आणि मोबाईल कंपन्यांच्या वाटेवर पाकीट बऱ्याचदा आधीच लहान ठरवलेलं असतं म्हणून तिथे चालतं.

निरोप अडवला होता मीच. सुरक्षेच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं की आयसीएमपी पूर्ण बंद करा म्हणजे सर्व्हर लपतो, मी तसा नियम फायरवॉलमध्ये टाकला होता. कृपा करून हे करू नका. पिंगला उत्तर द्यायचं नसेल तर फक्त पिंग बंद करा, बाकीचे आयसीएमपी निरोप येऊ द्या.

तपासायचं कसं: सर्व्हरवरून बाहेरच्या पत्त्याला पिंग करा, तुकडे करू नको असं सांगून. लिनक्सवर हायफन एम डू आणि हायफन एस १४७२. विंडोजवर हायफन एफ आणि हायफन एल १४७२. या १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. उत्तर आलं नाही, किंवा पाकीट मोठं आहे असा निरोप आला, तर आकडा १४६४ करा. ते गेलं तर तुमची वाट १४९२ ची आहे. तेही गेलं नाही तर दहा-दहाने कमी करत जा.

उपाय: आधी फायरवॉलचा नियम सुधारा. मग राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पाकीट सुरुवातीलाच लहान ठरवून देणारं सेटिंग) असेल तर सुरू करा. ते नसेल तर सर्व्हरच्याच नेटवर्क कार्डाचा एमटीयू १४९२ करा, आणि कायमचा करा, नाहीतर रिस्टार्ट झाल्यावर परत १५०० होतो आणि महिन्याभराने तुम्ही परत तिथेच.

८. पान दर वेळी त्याच जागी तुटतंय

हे पुढच्या वर्षीचं. शब्दांची यादी अकारविल्हे आहे, सुरुवातीला आंडेर, आंडोर, म्हणजे मुलगी आणि मुलगा, असं पुढे पुढे. बाहेरून बघणाऱ्यांना यादी प पर्यंत दिसायची आणि मध्येच एका ओळीत कापली जायची. ब पासून पुढे काही नाही. "बठ्ठा" हा आमच्याकडे उठता-बसता लागणारा शब्द, बठ्ठा म्हणजे सगळा, तोच कोणाला दिसेना. घरात मात्र यादी पूर्ण.

घरात पूर्ण, बाहेर अर्धं, म्हणून मी परत एमटीयूच्या मागे लागलो आणि चार दिवस घालवले. खरं म्हणजे पहिल्या दिवशी एनजिनएक्सचा एरर लॉग उघडला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. टेल हायफन एफ लावून लॉग उघडा ठेवायचा आणि फोनवरून पान उघडायचं. ओळ आली: परमिशन डिनाइड, १३ नंबरची एरर, तात्पुरत्या फाईलच्या फोल्डरवर.

होतं असं की पीएचपीने दिलेलं पान एनजिनएक्स आधी मेमरीतल्या बफरमध्ये घेतं, ते साधारण ३२ किंवा ६४ केबी असतात, आणि बघणाऱ्याची लाईन हळू असेल तर उरलेलं तात्पुरत्या फाईलमध्ये टाकतं. एसएसडीवर सगळं हलवताना मी त्या फोल्डरची मालकी चुकून बदलली होती. लिहिता येईना, म्हणून बफर संपला की पान संपलं. घरात लाईन इतकी वेगवान की बफर भरायच्या आत पान निघून जायचं. डिस्क भरली तरी हुबेहूब हेच होतं.

एनजिनएक्स ज्या युजरने चालतं, डेबियनवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, त्याच्या नावावर ते फोल्डर करायचं. सापळा: घाईत सगळ्या फोल्डरला ७७७ परवानगी देऊन टाकणं. चालतं, पण मग तुमच्या सर्व्हरवर शिरलेला कोणीही तिथे काहीही लिहू शकतो. मालकी सुधारा.

लॉगमध्ये परमिशनचं काही नसेल तर पीएचपीचा लॉग बघा. कोड अर्ध्यात मेला तर तोवर छापलेलं पान जातं आणि पुढचं नाही. मेमरीची मर्यादा मुळात १२८ एमबी आणि वेळेची ३० सेकंद असते, मोठे फोटो पानावरच लहान करणारा कोड यातच मरतो. फोटो आधीच लहान करून ठेवा.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये सर्व्हर चालवून शेअर्ड फोल्डरमधून फायली देत असाल तर एनजिनएक्समधलं सेंडफाईल नावाचं सेटिंग बंद करा, त्या जोडीने फायली तुटक किंवा जुन्या येतात.

९. सगळं आलंय पण दिसत नाही

फायलींची नावं. विंडोजवर बनवलेल्या पानात कॅपिटल-स्मॉल चालून जातं, लिनक्सवर नाही, त्यामुळे फोटोच्या नावात शेवटी मोठं जेपीजी आणि पानात छोटं लिहिलं की ४०४. नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता ठेवा. देवनागरी नावं मनाला छान वाटतात पण एकाच शब्दाची दोन प्रकारे साठवण होऊ शकते, ड-ढ खालच्या नुक्त्यामुळे मी यात अडकलोय.

एचटीटीपीएसच्या पानात एचटीटीपीवरून स्क्रिप्ट किंवा स्टाईल मागवली तर ब्राउझर अडवतो आणि पान उघडंबोडकं दिसतं. एफ १२ च्या कन्सोलमध्ये मिक्स्ड कंटेंट असं लिहून येतं.

फॉन्ट. देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे जड असतात. फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर साधारण ३ सेकंद अक्षरं लपवून ठेवतो, माणसाला वाटतं पान रिकामं आहे. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, जो वापरत असाल तो डब्ल्यूओएफएफ२ (वेबसाठी दाबलेला फॉन्ट) मध्ये आपल्याच सर्व्हरवर ठेवा, फॉन्ट डिस्प्ले स्वॅप लिहा, आणि दोनच जाडी ठेवा. सहा-सहा जाड्या मागवू नका.

१०. नाव शोधण्यातच वेळ जातोय

डायनॅमिक, म्हणजे बदलता, आयपी असेल आणि डीडीएनएस (बदललेला पत्ता नावाशी जोडून देणारी सेवा) वापरत असाल तर पत्ता बदलल्यावर टीटीएल (पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) संपेपर्यंत लोक जुन्या पत्त्यावर जातात. टीटीएल ३०० सेकंद ठेवा. आणि आयपीव्ही६ चा रेकॉर्ड बघा, एएएए म्हणतात तो. मागे कधी टाकलेला जुना पत्ता तिथे राहिला असेल तर ब्राउझर आधी तो करून बघतो, मग थांबून आयपीव्ही४ वर येतो. चालत नसेल तर काढून टाका.

११. कंपनीला फोन करायच्या आधी

"नेट स्लो आहे" म्हणालात तर राउटर बंद-चालू करा एवढंच सांगतील. हे हाताशी घेऊन बोला: ग्राहक क्रमांक, केबलवर घेतलेल्या स्पीड टेस्टमधला अपलोडचा आकडा तीन वेगवेगळ्या वेळचा, राउटरमधला वॅन आयपी, पिंगमध्ये किती आकड्यापर्यंत गेलं, ट्रेसरूट (वाटेतले थांबे दाखवणारी कमांड) कुठे अडतो. आणि विचारा, मी सीजीनॅटमागे आहे का, ८० आणि ४४३ पोर्ट उघडे आहेत का, स्टॅटिक आयपीचे किती. घरगुती प्लॅनमध्ये सर्व्हर चालवायला परवानगी आहे का तेही अर्जात वाचा. तक्रार क्रमांक वहीत.

१२. दुरुस्त झालं हे कसं ठरवायचं

स्वतःच्या फोनवर दिसलं म्हणून मोकळे होऊ नका, त्यात कॅशे असतो. बाहेरच्या तीन वेगळ्या लाईनवरून, खासगी विंडोत, सगळ्यात मोठं पान उघडायला सांगा. "दिसतंय का" असं विचारू नका, लोक प्रेमाने हो म्हणतात. खाली शेवटपर्यंत जा आणि शेवटचा शब्द वाचून दाखव, असं सांगा. आमच्या यादीत तो "हाऊ" आहे, हाऊ म्हणजे हा. आठव्या पायरीतल्या फोल्डरची मालकी सुधारली त्या रात्री मी मामींना सुरतला फोन लावला, त्यांनी मोबाईल डेटावर पान उघडलं, बोटाने सरकवत एकेक शब्द मोठ्याने वाचत खाली गेल्या, ब वर आल्यावर म्हणाल्या, "हाई दखा, बठ्ठा बी शे," आणि मी "हाऊ" ऐकेपर्यंत फोन ठेवला नाही.